बघायला आलेली माणसं

“वैजूनंच केलेत,” सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि माझा पोह्यांचा चमचा तोंडाशीच थांबला.

तोवर मी दोनदा पोह्यांचं कौतुक करून बसले होते. मोकळे, मऊ, वर ओलं खोबरं, कढीपत्ता तर आत्ता तोडून घातल्यासारखा. घर बघायला येणाऱ्यांना कुणी पोहे करून घालत नाही. आधी पाहिलेल्या घरांत आम्हाला फार तर पाणी मिळालं होतं, तेही मागितल्यावर. मला वाटलं, पेठेतली जुनी माणसं आहेत, अगत्य असेल. पण ‘मुलीनंच केलेत’ हे वाक्य मी ओळखते. माझ्या आईनं ते माझ्याबद्दल कितीतरी पाहुण्यांना सांगितलं होतं, आणि त्यातल्या एकाही वेळी पोहे मी केलेले नव्हते.

मी मान वर करून खोलीकडे नीट पाहिलं. पलंगावरच्या चादरीला घडीच्या रेघा तशाच होत्या, म्हणजे ती आजच बाहेर निघालेली. सुलोचनाबाई रविवारी सकाळी काठापदराची साडी नेसून बसल्या होत्या. त्यांचे यजमान श्रीरंगराव लोहकरे इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते आणि त्यांनी स्वतःच्या बशीला हात लावला नव्हता. घरातली एकमेव हातांची खुर्ची मला दिली नव्हती, माझ्या नवऱ्यालाही नाही. तिच्यावर माझा धाकटा दीर पराग बसला होता, आणि तो छताकडे बघत होता.

परागला आम्ही छत बघायलाच आणलं होतं. तो सिव्हिलचा माणूस, भिंतीवर टकटक करून पोटातलं ओळखतो. वय तेहेतीस, लग्न व्हायचं होतं, पण त्या दिवशी ते आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हतं.

“तुम्ही कामाला कुठं असता?” सुलोचनाबाईंनी त्याला विचारलं.

“सध्या बाणेरच्या साइटवर,” पराग म्हणाला. “हा स्लॅब मूळचाच आहे का हो?”

“आमच्याकडे सगळं मूळचंच,” त्या कौतुकानं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “पत्रिका बघता ना तुम्ही?”

मी काही बोलायच्या आत मुकुंदनं, माझ्या नवऱ्यानं, तोंड उघडलं. तो पतसंस्थेत कर्जविभागात. जमिनीच्या नोंदीचा जो सरकारी कागद असतो ती मिळकत पत्रिका, आणि मुकुंदच्या जगात दुसरी पत्रिकाच नाही.

“तर! पत्रिका सगळ्यात आधी,” तो म्हणाला. “ती स्वच्छ असल्याशिवाय आम्ही पुढं पाऊलच टाकत नाही. बोजा वगैरे काही नाही ना?”

“बोजा कसला हो? एकुलती एक आहे. आमचं म्हातारपण आम्ही बघू, तिच्यावर कसला भार नाही.”

मुकुंद समाधानानं मान हलवून पुन्हा पोह्यांकडे वळला.

आता ही गंमत कुणालाही सांगितली की लोक पोट धरून हसतात. मीही कधी सांगायला बसले तर एवढीच सांगते आणि इथंच थांबते.

त्या क्षणी मात्र काय घोटाळा झालाय ते माझ्या लक्षात आलं. आम्हाला इथं पाठवणारा एजंट धनकुडे घरं दाखवायचा आणि जमलं तर लग्नंही जमवायचा, हे मला माहीत होतं. त्याच्या कार्डावर दोन्ही छापलेलं होतं. तो स्वतः वर आलाच नव्हता, खाली मोटरसायकलवर बसून फोनवर बोलत होता. आम्ही जिना चढायला लागलो तेव्हा म्हणाला होता, “वर भाडेकरू आहेत. गरीब माणसं आहेत, त्रास नाही देणार. मालकांनी त्यांना कल्पना दिलीय. फक्त व्यवहाराचं तिथं काही काढू नका.” कसली कल्पना दिलीय, ते मी विचारलं नव्हतं.

सरळ सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. काकू, काहीतरी गैरसमज झालाय, आम्ही घर बघायला आलोय. चमचा खाली ठेवून मी घसा साफही केला. तेवढ्यात आतला पडदा सरला आणि चहाचा ट्रे घेऊन वैजयंती बाहेर आली. तिच्या मागं दार उघडं राहिलं, त्या दारातून मला गॅलरी दिसली.

घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅलरी. लाकडी कठडा, त्यावर सकाळचं ऊन, कोपऱ्यात तेलाच्या डब्यात लावलेलं कढीपत्त्याचं झाड, आणि पलीकडे वखारींच्या कौलांवरून थेट पर्वती. मी शहरात जन्मले, पण अशी गॅलरी मी दुसऱ्यांच्या घरातसुद्धा पाहिली नव्हती.

मी घसा साफ केला होता, तो तसाच राहिला. चहाचा कप उचलला.

“बस गं वैजू,” सुलोचनाबाई म्हणाल्या, आणि ती आमच्यासमोर बसली.

वखार आळी हे पुण्याच्या जुन्या पेठांमधलं एक अडगळीत पडलेलं ठिकाण होतं. पूर्वी तिथं ओळीनं लाकडाच्या वखारी होत्या. त्या शहराबाहेर गेल्या, करवती थंडावल्या, आणि तिथं राहायला जावं असं बरीच वर्षं कुणाच्या मनात येत नव्हतं. मग मेट्रोचं खोदकाम सुरू झालं. एका वखारीत कॉफीचं दुकान निघालं, दुसरीत कुणी मातीची भांडी करायला शिकवू लागलं, भिंतींवर कॉलेजच्या मुलांनी चित्रं रंगवली. रविवारी गळ्यात कॅमेरे अडकवलेली माणसं येऊन पडक्या भिंतींचे फोटो काढायला लागली. “आत्ता घ्या, ताई,” धनकुडे म्हणायचा, “दोन वर्षांनी या आळीत स्कूटर लावायला जागा मिळायची नाही.”

आम्ही धायरीच्या पुढं भाड्यानं राहत होतो. मुकुंदची पतसंस्था पेठेत, माझी शाळाही पेठेत. रोजच्या येण्याजाण्यानं मी मेटाकुटीला आले होते. मला स्वतःचं घर हवं होतं, ते इथंच हवं होतं, आणि आमच्या ऐपतीत बसणारं इथलं हे बहुधा शेवटचं घर होतं.

चहा झाल्यावर सुलोचनाबाईंनी मला घर दाखवलं. घर विकणारा कधी दाखवणार नाही असं दाखवलं. पाणी किती वाजता येतं, शेजारच्या कोणाशी बोलायचं आणि कोणाशी जपून बोलायचं, मोरीच्या दाराला पावसाळ्यात कसं उचलून लावावं लागतं. न्हाणीघरात वैजयंतीनं लहानपणी चिकटवलेली फुलांची चित्रं होती. “मालक देवमाणूस आहेत,” त्या म्हणाल्या. “आमची हयात इथंच जाणार. पोरीला माहेर म्हणून हक्काची जागा आहे. तुम्हालाही यायला-जायला बरं, सगळं जवळ.”

“हो ना,” मी म्हणाले. स्वयंपाकघरात ओटा कुठून कुठं वाढवता येईल, हे मी तेव्हा मनात मोजत होते. ते आठवलं की अजून माझं मलाच कसंतरी होतं.

मग त्या बाहेर येऊन म्हणाल्या, “मुलामुलीला जरा बोलू द्या. वैजू, त्यांना गॅलरी दाखव. वहिनींनाही ने.”

आम्ही तिघं गॅलरीत गेलो. वैजयंतीनं दार ओढून घेतलं. ती तिशी ओलांडलेली, सावळी, मोठ्या डोळ्यांची मुलगी होती, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. आत ती मान खाली घालून बसली होती. बाहेर आल्याबरोबर तिनं मान वर केली.

“तुम्ही घर बघायला आलात ना?” तिनं विचारलं.

पराग कठड्यावर बोटानं टकटक करत होता, त्याचा हात थांबला.

“तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

“मला बघायला बरेच येऊन गेलेत, ताई. माझ्याकडे बघायचं सोडून छताकडे बघणारा आजवर कुणी आला नव्हता.”

पराग कानापर्यंत लाल झाला. “सॉरी,” तो म्हणाला. “खरंच सॉरी. मला आत्ता आत्ता लक्षात यायला लागलं होतं. आपण आत जाऊन सांगू या ना, वहिनी?”

“नको,” वैजयंती म्हणाली. “ऐका माझं. घर विकतोय, असं मालकांच्या मुलानं बाबांना मागच्या महिन्यातच सांगितलंय. तिकडे शहराबाहेर, मांजरी गावात दोन खोल्या देतोय तो आम्हाला. बाबांनी होकारही दिलाय. आईला सांगायचं धाडस होत नाही त्यांचं. बुधवारी जेवताना म्हणाले, रविवारी बघायला येणार आहेत. आईनं विचारलं, कुणाकडनं? ते म्हणाले, धनकुड्यांकडनं. पुढचं आईनं ऐकलंच नाही. धनकुड्यांकडे माझं नाव दिलेलं आहे ना. ती लगेच उठून पलंगाखालची पेटी ओढायला लागली. बाबांना मग तोंडच उघडता येईना.”

मला श्रीरंगरावांची न शिवलेली बशी आठवली.

“माझं स्थळ गेल्या वर्षभरात आलं नव्हतं,” ती सहज म्हणाली. “आज किती दिवसांनी आई गाणं म्हणत पोहे करत होती.”

“म्हणजे पोहे तुम्ही नाही केले?” परागनं विचारलं.

“मला पोहे जमत नाहीत. चिकट होतात.”

“मग बरं झालं आईंनी केले,” पराग म्हणाला, आणि ती हसली. तोही हसला. मी मध्ये उभी होते, आणि त्या दोघांच्या हसण्यात माझी अडचण होतेय असं मला क्षणभर वाटलं.

“आणि छत?” तिनं विचारलं. “कसं आहे मग?”

“छत उत्तम आहे. पण कौलांच्या बाजूचा कोपरा पावसात बघायला हवा.”

“गळत नाही,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “ताई, एक करा. तुम्ही घर घ्या नाहीतर नका घेऊ, तुम्ही नाही घेतलं तर दुसरं कुणी घेईल, त्याचं मी काही म्हणत नाही. फक्त या आठवड्यात धनकुड्यांकडून नकार कळवा. मुलगी पसंत नाही म्हणून. नकाराची आईला सवय आहे, दोन दिवस गप्प बसते आणि उठते. पण उत्तरच आलं नाही तर ती वाट बघत राहील. पोरीला बघायला बोलावलं आणि घर दाखवलं, हे तिला कधी कळायला नको. तेवढं सांभाळा.”

“कळवते,” मी म्हणाले.

निघताना सुलोचनाबाईंनी मला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. “पहिल्यांदा आलात,” त्या म्हणाल्या. दारापर्यंत येऊन पुन्हा या म्हणाल्या. पत्रिकेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आमच्या गडबडीत विसरल्या असाव्यात. मला हायसं वाटलं.

खाली उतरून आम्ही त्या वखारीतल्या कॉफीच्या दुकानात बसलो. मी मुकुंदला सगळं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला.

“म्हणजे मी त्यांना बोजा आहे का म्हणून विचारलं,” तो म्हणाला.

“हो.”

“त्यांच्या मुलीबद्दल.”

“हो रे बाबा.”

“मला हे घर नको,” मुकुंद म्हणाला. “मी त्या जिन्यानं पुन्हा चढू शकणार नाही.”

“त्यांना तर जावंच लागणार आहे,” मी म्हणाले. “त्यांच्या मुलीनंच सांगितलं. आपण नाही घेतलं म्हणून ते राहणार आहेत का? उलट आपण घेतलं तर निदान घराची कदर तरी होईल. उद्या कुणीतरी ती गॅलरी काचा लावून बंद करून टाकेल.”

हे मी बोलले ते सगळं खरं होतं. म्हणूनच ते इतक्या सहज तोंडातून निघालं. मुकुंद माणूस भला, पण त्याला खऱ्या वाक्यांपुढं बोलता येत नाही.

“तुझं काय मत?” मी परागला विचारलं.

“बिल्डिंग चांगली आहे,” तो म्हणाला. त्याची कॉफी तशीच निवून गेली.

धनकुड्यांना नकार कळवायचं मी दुसऱ्या दिवसावर ढकललं, मग तिसऱ्या. शाळेत परीक्षा होत्या. गुरुवारी संध्याकाळी पराग अचानक धायरीला आला. मुकुंद अजून यायचा होता. पराग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, मी पोळ्या लाटत होते.

“वहिनी, त्या लोहकऱ्यांकडे नकार कळवलास?”

“नाही रे, राहूनच गेलं. उद्या करते.”

“मग नको करूस.”

मी लाटणं थांबवलं.

“मला ती आवडली,” पराग म्हणाला. इतकी वर्षं आम्ही त्याला स्थळं दाखवत होतो. कधी हो नाही, कधी नाही नाही, नुसते खांदे उडवायचा. त्या दिवशी तो ताठ उभा राहून बोलत होता. “खरंच बघायला जाऊ या का आपण? मी नीट बघेन या वेळी. छताकडे बघणार नाही.”

“अरे, पण आपण त्यांचं घर घेतोय.”

“मग नका घेऊ.”

“इतकं सोपं आहे ते?”

“बायकोच्या आईवडिलांना बाहेर काढून त्यांच्या घरात माझे भाऊ-वहिनी राहतायत, असं कसं चालेल, वहिनी? तूच सांग. ती हो म्हणेल की नाही ते पुढचं. पण विचारायचं तर आधी घराचं सोडायला हवं. मालक दुसऱ्या कुणाला विकेल, विकू दे. ते आपल्या हातून नको.” मग जरा थांबून म्हणाला, “तुला ते घर किती आवडलंय मला माहितीय. म्हणूनच तुला विचारतोय. तू म्हणशील तसं.”

“मला दोन दिवस दे,” मी म्हणाले.

त्या रात्री मी मुकुंदला काही बोलले नाही. परागनं मला विचारलं होतं, मी विचार करीन, मग सांगीन, असं मी स्वतःला समजावत होते. मी घराचाही विचार केला आणि परागचाही केला. पण परागचा विचार करायला बसले की डोळ्यांपुढं गॅलरी यायची.

सकाळी शाळेत धनकुड्याचा फोन आला. मुंबईची एक पार्टी येतेय, त्यांना जागा स्टुडिओसाठी हवीय, आज संध्याकाळी टोकन देतायत, तुमचं काय? मी वर्गाबाहेर उभी होते, आत मुलं गोंगाट करत होती.

“आमचं नक्की आहे,” मी म्हणाले. “दुपारी येते.”

“साहेबांना विचारायचंय का?”

“त्यांना मी सांगते.”

मुकुंदला मी सांगितलं की घाई करावी लागली. तो कर्जाचे कागद काढायला लागला. पराग शनिवारी आला. त्यानं काही विचारायच्या आधीच मी म्हणाले, “मी धनकुड्यांकडून विचारून घेतलं रे. मुलीची इच्छा नाही.”

“असं म्हणाली?”

“लग्नच करायचं नाही म्हणे इतक्यात.”

पराग “बरं” म्हणाला. पाणी प्यायला, मुकुंदशी क्रिकेटचं बोलला आणि जेवायला न थांबता गेला. घर घेतलंय हे त्याला मी आठवड्यानं सांगितलं. “आता काय हरकत आहे,” तो म्हणाला. गॅलरीच्या कोपऱ्याचं वॉटरप्रूफिंग त्यानंच करून दिलं, मजुरी घेतली नाही.

आणि लोहकऱ्यांकडे नकार मी कळवलाच नाही. परागला मुलीकडून नकार आल्याचं सांगून बसले होते. आता त्याच धनकुड्याला, आमच्याकडूनही नकार कळव, हे सांगायला माझी जीभ रेटेना. उद्या तो परागला भेटला आणि काही बोलला तर? मी तो विषय मनातून काढून टाकला. मला ते चांगलं जमतं.

चार-पाच महिन्यांनी घर रिकामं झालं. व्यवहार मालकांशी होता, त्यामुळे लोहकरे मंडळींशी आमची गाठच पडली नाही. आम्ही रंग दिला, ओटा वाढवला, राहायला गेलो. रविवारी कॅमेरेवाले खालून आमच्या गॅलरीचे फोटो काढायचे आणि मी कपडे वाळत घालायचं थांबवून आत जायचे.

अशाच एका रविवारी मुकुंद भाजी आणायला गेला होता. बेल वाजली. मी दार उघडलं, तर समोर सुलोचनाबाई. मागं जिन्यावर वैजयंती होती. ती धावत आली असावी, तिला दम लागला होता.

“माझं कढीपत्त्याचं झाड राहिलंय,” सुलोचनाबाई बोलायला लागल्या, “टेम्पोत बसलं नाही त्या दिवशी, आता म्हटलं नव्या माणसांना विचारून...” आणि त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या खांद्यावरून आत बघितलं, रंगाकडे, वाढवलेल्या ओट्याकडे.

“तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“या ना, काकू. आत या.”

त्या आत आल्या, पण बसल्या नाहीत. खोलीच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी सगळं जुळवलं. ते जुळताना मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“बघायला आलात पोरीला,” त्या हळू म्हणाल्या, “आणि पसंत केलंत घर.”

आवाज चढला नव्हता. त्यांनी भांडण काढलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं.

मला खरं सांगता आलं असतं. आम्ही तुमच्या मुलीला बघायला आलोच नव्हतो. तुम्ही ज्यांच्यासाठी पेटीतली साडी काढली, ती माणसं तुमची मोरी आणि भिंती बघायला आली होती, आणि हे त्या दिवशी तुम्ही सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. तसं सांगितलं असतं तर मी थोडी कमी वाईट ठरले असते. मी तोंड उघडलंही. सुलोचनाबाईंच्या मागं वैजयंतीनं मान हलवली, अगदी बारीक. नको.

“तुमच्याकडनं काहीच कळलं नाही,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “मी वाट बघितली. धनकुड्यांना किती फोन केले. काय खोट दिसली हो माझ्या पोरीत?”

“खोट काहीच नाही, काकू,” मी म्हणाले. सगळे म्हणतात तेच मला सुचलं. “पत्रिका जुळली नाही.”



“पत्रिका मी द्यायचीच विसरले होते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गेल्यावर लक्षात आलं. म्हणून तर वाटत होतं, मागायला तरी याल.”

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मी काहीतरी चहाचं पुटपुटले. त्यांनी ते ऐकलं नाही. त्या सवयीनं सरळ गॅलरीत गेल्या, झाडाची खालची पिवळी पानं काढली, डब्याला हात घातला. जड होता. वैजयंतीनं पुढं होऊन तो उचलला.

“चल आई, रिक्षा थांबलीय.”

सुलोचनाबाई जिना उतरायला लागल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. वैजयंती डबा कमरेवर घेऊन दारात जरा थांबली. मला वाटलं, ती बोलेल मला काहीतरी. एक नकार कळवायला सांगितला होता, तेवढाही मला कळवता आला नव्हता. मी तयार होऊन उभी राहिले.

“तुमचे दीर बरे आहेत ना?” तिनं विचारलं.

“बरा आहे,” मी म्हणाले.

ती पुढचं ऐकायला थांबल्यासारखी थांबली. त्याचं अजून कुठं ठरलं नव्हतं. तो तेव्हा चार गल्ल्या पलीकडच्या साइटवर होता. मी हाक मारली असती तर दहा मिनिटांत आला असता.

“त्यांना सांगा, कोपरा गळत नाही,” ती म्हणाली. “त्यांना काळजी वाटत होती. इतकी वर्षं राहिलो आम्ही, एकदाही गळला नाही.”

“सांगते,” मी म्हणाले.

पुढच्या वर्षी परागचं लग्न झालं. बायको गुणी आहे, दोन मुलं आहेत, सगळं छान चाललंय. वखार आळीत आता खरोखरच स्कूटर लावायला जागा मिळत नाही, आणि आमच्या घराचा भाव ऐकून लोक डोळे मोठे करतात. पराग दिवाळीला येतो, गॅलरीत उभा राहून चहा पितो आणि सवयीनं एकदा त्या कोपऱ्याकडे बघतो. “गळत नाही ना, वहिनी?” तो विचारतो. मी नाही म्हणते. हे त्याला सांगा, असं मला दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं, ते मी अजून सांगितलेलं नाही.